कामाचे ई-मेल संगणकावरील फोल्डरमध्ये आपोआप कसे साठवावेत

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळद-बेदाण्याच्या पेढ्यांचे बरेचसे कागद आता ई-मेलनेच येतात. त्यात बाहेरगावच्या पार्टीची ऑर्डर असते, हळदीतील कर्क्युमिन या घटकाचा तपासणी अहवाल असतो आणि ट्रान्सपोर्टची बिल्टीही असते. आउटलुकमध्ये 'रूल्स' लावून हे मेल वेगळे करता येतात. पण ते फोल्डर मेलबॉक्सच्या आतलेच असल्यामुळे कर सल्लागाराने एखाद्या पार्टीची वर्षभराची बिले मागितली, की एकेक मेल उघडून फाइल उतरवण्याचे काम उरतेच. पेढीकडे मायक्रोसॉफ्ट ३६५ चे व्यावसायिक खाते असेल, तर 'पॉवर ऑटोमेट' या सुविधेने हे काम प्रोग्रामिंग न शिकताही आपोआप होऊ शकते.

प्रथम वनड्राइव्हमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत, फोल्डर तयार करावेत. वरच्या पातळीवर आर्थिक वर्ष आणि त्याखाली पार्टीचे नाव, एवढी विभागणी पुरते. वर्ष वर ठेवण्याचे कारण असे, की जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाचे कागद त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात आणि मुदत संपल्यावर अख्खे वर्ष एकदम बाजूला काढता येते.

त्यानंतर पॉवर ऑटोमेटमध्ये नवा 'फ्लो' (आपोआप होणाऱ्या कामांची साखळी) सुरू करून 'नवा ई-मेल आल्यावर' हा आउटलुकचा ट्रिगर, म्हणजे फ्लो ज्यामुळे सुरू होतो ती घटना, निवडावा आणि प्रेषकाच्या रकान्यात त्या पार्टीचे पत्ते अर्धविरामाने वेगळे करून लिहावेत. विषयातील शब्दांवर विसंबू नये, कारण नव्या सौद्याचे बिलही अनेकजण जुन्याच मेलला उत्तर म्हणून धाडून देतात. प्रगत पर्यायांत 'अटॅचमेंट समाविष्ट करा' याला 'होय' करणे अत्यावश्यक आहे; ते राहिले तर अटॅचमेंटचा मजकूर फ्लोपर्यंत पोहोचतच नाही.

पुढची पायरी वनड्राइव्हच्या 'फाइल तयार करा' या कृतीची. येथे अटॅचमेंटचे नाव आणि मजकूर निवडला, की प्रत्येक अटॅचमेंटसाठी कृती पुन्हा करणारी चौकट आपोआप तयार होते. मात्र पाठवणाऱ्याच्या सहीखालचा लोगोसुद्धा अटॅचमेंट म्हणूनच मोजला जातो आणि फोल्डर अशा चित्रांनी भरून जातो. म्हणून 'इज इनलाइन' (अटॅचमेंट मेलच्या मजकुरातच बसवलेली आहे का) याचे उत्तर 'फॉल्स', म्हणजे 'नाही', असेल तरच फाइल तयार व्हावी, अशी अट मध्ये घालावी.

फाइलच्या नावाआधी वर्ष, महिना, दिवस आणि वेळ या क्रमाने मेल आल्याची नोंद जोडावी, म्हणजे फाइली कालक्रमाने लागतात आणि 'इन्व्हॉइस' नावाच्या दोन फाइलींची गल्लत होत नाही. ही वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेल्या यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत येते. त्यामुळे १ एप्रिलच्या पहाटे आलेल्या मेलवर ३१ मार्चची तारीख पडू शकते आणि हिशेबाच्या दृष्टीने ते मुळीच चालणार नाही. 'कन्व्हर्ट टाइम झोन' ही कृती आधी घातली, की हा प्रश्न मिटतो.

मूळ मेलही जपायचा असेल तर 'एक्सपोर्ट ई-मेल' ही कृती जोडून तो ईएमएल या मेलच्या फाइल-प्रकारात साठवावा. त्याच्या नावात विषयाची ओळ घेताना सावध राहावे, कारण उत्तरादाखल आलेल्या मेलच्या 'आरई' नंतरचा विसर्गासारखा अपूर्णविराम किंवा बिल क्रमांकातील तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही.

शेवटी संगणकावर वनड्राइव्ह चालू करून वर्षाच्या फोल्डरवर उजवी क्लिक करावी आणि 'या उपकरणावर कायम ठेवा' हा पर्याय निवडावा. अन्यथा फाइलचे नुसते नाव दिसते आणि इंटरनेट नसताना ती उघडत नाही. संगणकावर पुसलेली फाइल वनड्राइव्हमधूनही जाते, म्हणून वर्षअखेरीस एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क शक्यतो वरच्या मजल्यावर ठेवावी. २०१९ चा कृष्णेचा पूर पाहिलेल्या सांगलीकरांना याचे कारण सांगण्याची गरज नाही.

फ्लो सुरू करण्यापूर्वी स्वतःच्या दुसऱ्या खात्याचा पत्ता तात्पुरता घालून एक मेल पाठवून पाहावा. खात्याचा पासवर्ड बदलल्यावर फ्लोची जोडणी तुटू शकते. त्यामुळे आठवड्यातून एकदा 'रन हिस्टरी' (फ्लो केव्हा चालला वा अडला याची नोंद) पाहावी, कारण तेथील नोंदी २८ दिवसच राहतात.