जीएमएल फाइल वैध, तरी गावं आर्क्टिक समुद्रात : माझा अनुभव

पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमधून गावांचा बिंदू-थर आयएसओ १९१३६ नुसार, म्हणजे जीएमएल ३.२ (नकाशाच्या माहितीच्या देवाणघेवाणीचं एक्सएमएल स्वरूप) मध्ये काढत होतो. स्कीमा तपासणीत (फाइलची रचना नियमांत बसते का ते बघणं) एकही चूक नाही; नकाशावर मात्र पुणे थेट आर्क्टिकमधल्या बेअर आयलंड या बेटाच्या दक्षिणेला, समुद्रात! डोकं फिरायची वेळ आली होती.

थर पुन्हा लोड केला, एसआरआयडी ४३२६ (निर्देशांक-पद्धतीचा क्रमांक, इथे अक्षांश-रेखांशाचा) तपासला, प्रोजेक्शन बदलून पाहिलं. उपयोग शून्य. स्कीमा फक्त आकडे आहेत का ते बघतो, क्रम नाही. आणि ईपीएसजीच्या (अशा क्रमांकांची प्रमाण यादी) व्याख्येत ४३२६ साठी आधी अक्षांश, मग रेखांश. पोस्टजीआयएस नेमकं उलटं साठवतं, म्हणून पुण्याचा रेखांश अक्षांश म्हणून वाचला गेला.

चाललं ते असं. आधी फाइलमधलं एसआरएसनेम (आकडे कोणत्या निर्देशांक-पद्धतीचे ते सांगणारं नाव) पाहा. ते 'यूआरएन' (त्या नावाचं लांब रूप) ने सुरू होत असेल आणि आकडे '७३.८६ १८.५२' असे असतील, तर रोग हाच. मग पोस्टजीआयएसच्या, जीएमएल काढणाऱ्या एसटी_ॲझजीएमएल फंक्शनमध्ये आवृत्ती ३ ठेवून ऑप्शन्सच्या जागी १ ऐवजी १७ द्या: १ म्हणजे लांब यूआरएन, १६ म्हणजे क्रम उलटा. टेबलातले निर्देशांक हाताने उलटू नका, बाकीचे सगळे थर बोंबलतील. शेवटी फाइल नव्याने काढून एका ओळखीच्या गावाची जोडी '१८.५२ ७३.८६' अशी येते का ते टेक्स्ट एडिटरमध्ये बघा.

जाता जाता: ३.२ मध्ये प्रत्येक भूमितीला (बिंदू, रेषा वगैरे) जीएमएल आयडी, म्हणजे स्वतःचं वेगळं ओळखनाव, लागतो आणि तो अंकाने सुरू होऊन चालत नाही. जनगणनेचा सहा अंकी गावकोड वापरणार असाल तर पुढे एखादं अक्षर जोडा.