फ्रेंच क्रियापद चालवायचं कसं: आधी कानाने, मग वहीत

दहावीपर्यंत संस्कृत आणि अकरावीला मार्क चांगले पडतात म्हणून फ्रेंच, अशी माझी गाडी गेली. त्यामुळे ‘गच्छति गच्छतः गच्छन्ति’च्या चालीवर मी फ्रेंच क्रियापदंही पाठ केली. परीक्षेत मार्क पडले, पण बोलायला तोंड उघडलं की गडबड. पहिल्याच आठवड्यात मी वर्गात मोठ्या आवाजात ‘ईल पार्लेंट’ असं वाचलं होतं. पुस्तकात शेवटी ई-एन-टी ही तीन अक्षरं दिसत होती, मी ती वाचली. बाईंनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, ‘ईल पार्ल. संपलं.’

क्रियापदाची गुरुकिल्ली त्या दोन शब्दांत होती, पण ती मला कळायला बरीच वर्षं गेली. कागदावर फ्रेंच क्रियापद पाच-सहा रूपं दाखवतं, कानाला मात्र त्यातली निम्मीच ऐकू येतात. म्हणून वहीपासून सुरुवात करणारा माणूस दुप्पट कष्ट करतो आणि वर चुकीचा उच्चारही शिकतो.

पुढे जाण्याआधी एक सोय. उच्चार मी देवनागरीत देते आणि स्पेलिंगची अक्षरं आपल्या शाळेतल्या इंग्रजी नावांनी सांगते. तुम्ही वहीत ती रोमन लिपीतच उतरवा. ‘ज’ म्हणजे मऊ ज, टेलिव्हिजनमधला. ‘र’ लिहिलाय तिथे घशातून, गुळणी करताना येतो तसा आवाज काढायचा. सुरुवातीला नाही जमला तर साधा र म्हणा, कुणी हाकलून देत नाही.

पहिली पायरी: शेपूट ओळखा, शेपूट कापा

शब्दकोशात क्रियापद मूळ रूपात असतं, आपल्या ‘बोलणे’सारखं. आपल्याकडे शेवटी ‘णे’ असतो, फ्रेंचमध्ये तीन तऱ्हा आहेत: ई-आर, आय-आर आणि आर-ई. दहातली नऊ क्रियापदं पहिल्या तऱ्हेची. नवीन क्रियापद जन्माला आलं, म्हणजे क्लिक करणं, गुगल करणं, तर तेही याच घरात जातं. म्हणून वेळ इथे घालवा, बाकीची दोन घरं नंतर पटकन होतात.

पार्ले, म्हणजे बोलणे, हे घ्या. शेवटचे ई-आर काढले की ‘पार्ल’ उरतं. हा धातू. विलेपार्ल्याच्या लोकांना हे क्रियापद विसरायची सोयच नाही.

दुसरी पायरी: तोंडाने तीन रूपं पक्की करा

वही बंद ठेवा आणि म्हणा:

ज पार्ल – मी बोलते
त्यू पार्ल – तू बोलतोस
ईल पार्ल, एल पार्ल – तो बोलतो, ती बोलते
नू पार्लों – आम्ही बोलतो
वू पार्ले – तुम्ही बोलता
ईल पार्ल, एल पार्ल – ते बोलतात, त्या बोलतात

चार ठिकाणी नुसतं ‘पार्ल’, ‘नू’ला ‘ओं’ आणि ‘वू’ला ‘ए’. एवढंच. ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ कानाला हुबेहूब सारखे, हे ऐकून आपल्याला चुकल्याचुकल्यासारखं वाटतं. मराठीत सगळा भार क्रियापदाच्या शेपटीवर असतो. ‘कुठे राहतेस?’ ‘सांगलीला राहते.’ यात ‘तू’ही नाही आणि ‘मी’ही नाही, तरी कोण, किती, बाई की पुरुष, सगळं समजलं. फ्रेंचमध्ये ही शेपटं पूर्वी उच्चारली जायची, मग शतकानुशतकं झिजत गेली. स्पेलिंग तेवढं जुनं राहिलं. आता भार सर्वनामावर आलाय. म्हणून ‘ज’ किंवा ‘त्यू’ गाळून चालत नाही. मराठी माणसाची सर्वांत जास्त होणारी चूक हीच: सवयीने नुसतं ‘पार्ल’ म्हणून मोकळं व्हायचं.

दोन बाबतींत मात्र आपण भाग्यवान. एक, वर्तमानकाळात क्रियापदाला लिंग नाही. माझा भाऊ ‘बोलतो’ आणि मी ‘बोलते’, फ्रेंचमध्ये दोघंही ‘ज पार्ल’. दुसरं म्हणजे ‘त्यू’ आणि ‘वू’. इंग्रजीतून फ्रेंच शिकणाऱ्याला हा फरक पानंच्या पानं समजावावा लागतो. आपल्याला तू आणि तुम्ही बाळपणापासून माहीत. अनोळखी माणसाला, दुकानदाराला, शेजारच्या आजींना ‘वू’. मित्राला आणि लहान मुलाला ‘त्यू’. एक फरक ठेवा: तिकडे मुलं आईबरोबर वडिलांनाही ‘त्यू’च म्हणतात.

आणि ‘ओं’ नावाचं एक सर्वनाम आहे, बोलण्यात ते सतत येतं. ‘ओं पार्ल’ म्हणजे जवळपास आपलं ‘आपण बोलतो’. त्याला ‘तो’चंच रूप लागतं. घरगुती बोलण्यात लोक ‘नू’ऐवजी बहुतेक हेच वापरतात, म्हणजे रोजच्या वापरात कानाला उरली दोनच रूपं.

तिसरी पायरी: आता वहीत लिहा

धातूला जोडायची शेपटं क्रमाने अशी: ‘ज’ला ई, ‘त्यू’ला ई-एस, ‘ईल’, ‘एल’ आणि ‘ओं’ला ई, ‘नू’ला ओ-एन-एस, ‘वू’ला ई-झेड, अनेकवचनी ‘ईल’ आणि ‘एल’ला ई-एन-टी. यातलं ई, ई-एस आणि ई-एन-टी मुकं. ई-एन-टी फक्त क्रियापदाच्या शेवटी मुकं असतं, दुसऱ्या शब्दांत त्याचा नाकातला ‘आँ’ होतो, म्हणून सरसकट गिळू नका.

पान सहा चौकोनांत आखा: डावीकडे एकवचन, उजवीकडे अनेकवचन. मुकी शेपटं पेन्सिलीने फिकट लिहा, ऐकू येणारी दोन पेनने. चार-पाच क्रियापदं अशी लिहिली की पान बघूनच कळतं, कुठे तोंड उघडायचं आणि कुठे मिटायचं.

चौथी पायरी: सांधा

क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर ‘ज’ त्याला चिकटतो. एमे, म्हणजे आवडणे, याचं ‘जेम’ होतं. आबिते, म्हणजे राहणे, याच्या सुरुवातीला एच लिहितात पण तो मुका, म्हणून ‘जाबित’. लिहिताना मध्ये वरचा स्वल्पविराम, बोलताना एकच शब्द.

अनेकवचनात उलटं घडतं. ‘नू’, ‘वू’ आणि अनेकवचनी ‘ईल’ यांच्या शेवटचा एस एरवी झोपलेला असतो, पुढे स्वर आला की तो ‘झ’ होऊन उठतो: नूझेमों, वूझेमे, ईलझेम. आता गंमत बघा. ‘त्याला आवडतं’ म्हणजे ‘ईलेम’ आणि ‘त्यांना आवडतं’ म्हणजे ‘ईलझेम’. मघाशी हरवलेला एकवचन-अनेकवचनाचा फरक या एका झ-मध्ये सापडला. संधी आपण शाळेत नियमांनी शिकलो, इथे ती कानाने शिका. एमे, आबिते, एकूते म्हणजे लक्ष देऊन ऐकणे, आणि आरिवे म्हणजे पोचणे, ही चार क्रियापदं सहाही रूपांत रोज म्हणा.

पाचवी पायरी: पाढा मोडा

इथे मी स्वतः अडकले होते. सात आठे किती विचारल्यावर मनातल्या मनात ‘सात एके सात’पासून सुरू करणारी मुलं असतात ना, तसं माझं झालं होतं. ‘ते बोलतात’ हवं असलं की ‘ज’पासून पूर्ण माळ ओढायची. समोरचा तोपर्यंत कॉफी संपवून उठलेला.

उपाय घरातच आहे: सापशिडीचा फासा. एक म्हणजे ज, दोन त्यू, तीन ईल किंवा ओं, चार नू, पाच वू, सहा अनेकवचनी ईल. दहा क्रियापदांच्या चिठ्ठ्या करा. एक चिठ्ठी उचला, फासा टाका, रूप मोठ्याने म्हणा आणि मगच लिहा. चिठ्ठी निघाली राबणे, म्हणजे त्रावाये, आणि फाशावर चार आले, तर ‘नू त्रावायों’. रोज दहा मिनिटं पुरतात. पंधरवड्यात माळ तुटते आणि मणी सुटे हाताला येतात.

जमायला लागलं की नकार घाला. क्रियापदाच्या आधी ‘न’, नंतर ‘पा’: ‘ज न पार्ल पा’, मी बोलत नाही. बोलताना लोक तो आधीचा ‘न’ बऱ्याचदा खातात, परीक्षेत तुम्ही खाऊ नका.

सहावी पायरी: नियमित असूनही नखरे करणारी

माँजे, म्हणजे खाणे. यातल्या जी-चा मऊ उच्चार पुढच्या ई-मुळे टिकतो. ‘नू’च्या रूपात ओ आला तर जी-चा ‘ग’ होईल, म्हणून मध्ये ई ठेवतात आणि ‘माँजों’ सांभाळतात. कोमाँसे, म्हणजे सुरू करणे, यातही तेच: ओच्या आधी सी-चा ‘क’ होऊ नये म्हणून तिच्या खाली छोटी शेपटी काढतात. दोन्हीकडे उच्चार धातूचा राहतो, स्पेलिंग त्याच्यासाठी झुकतं.

आश्ते, म्हणजे विकत घेणे, याचा नखरा जरा वेगळा. ‘नूझाश्तों’मध्ये मधला ई जवळजवळ नाहीसा होतो. पण ‘जाशेत’मध्ये शेपूट मुकं असल्यामुळे शब्दाचा सगळा भार त्या मधल्या ई-वर पडतो आणि त्याला स्वच्छ ‘ए’ व्हावंच लागतं. म्हणून त्याच्यावर डावीकडे झुकलेली रेघ येते. आप्ले, म्हणजे हाक मारणे, हे त्यासाठी एल दुप्पट करतं: ‘ज मापेल’, माझं नाव अमुक, हे तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणता त्यातला डबल एल हाच. आश्ते आणि आप्लेतले हे बदल मुक्या शेपटाच्या चार चौकोनांतच होतात, ‘नू’ आणि ‘वू’ मूळ धातू धरून राहतात.

उरलेली दोन घरं

आय-आरचं घर सुमारे 300 क्रियापदांचं. फिनीर म्हणजे संपवणे. आय-आर काढा. एकवचनात आय-एस, आय-एस, आय-टी लावा; तिन्हींचा उच्चार ‘फिनी’. अनेकवचनात आधी आय-एस-एस घाला आणि मग तीच जुनी तीन शेपटं: फिनिसों, फिनिसे, फिनिस. इथे ‘ईल फिनी’ आणि ‘ईल फिनिस’ वेगळे ऐकू येतात, हायसं वाटतं.

या घरातली बरीच क्रियापदं विशेषणापासून बनलेली आहेत आणि आपल्याकडे अगदी तशीच सापडतात. लठ्ठपासून लठ्ठावणे, तसं ग्रोपासून ग्रोसीर. रोडपासून रोडावणे, तसं मेग्रपासून मेग्रीर. ग्राँ म्हणजे मोठा, त्याचं ग्राँदीर, मोठं होणे. असा ‘आवणे’ दिसला की क्रियापद नियमित आहे, असं बेलाशक धरा. फसवणारी वेगळी: पार्तीर, सोर्तीर, दोर्मीर, म्हणजे निघणे, बाहेर जाणे, झोपणे. शेवटी आय-आर असूनही ती हा नियम पाळत नाहीत. ती वेगळ्या पानावर.

आर-ईचं घर फ्रेंच व्याकरणकार तिसऱ्या, म्हणजे अनियमित गटात टाकतात, पण त्यातली डी-आर-ई शेवट असलेली काही क्रियापदं शिस्तीत चालतात. वाँद्र म्हणजे विकणे: एकवचनात एस, एस आणि तिसऱ्याला काहीच नाही, उच्चार तिन्हींचा ‘वाँ’. मग वाँदों, वाँदे आणि ‘ते विकतात’ला ‘वाँद’. आताँद्र म्हणजे वाट बघणे आणि रेपोंद्र म्हणजे उत्तर देणे ही त्याच वाटेने. प्राँद्र, म्हणजे घेणे, दिसतं तसंच पण ‘नू’ला ‘प्रनों’ होतं, त्याला यात मोजू नका.

वाँद्रचा आणखी एक उपयोग आहे, फ्रान्समधली शाळकरी मुलंही तो करतात. श्रुतलेखनात नुसतं ‘पार्ले’ ऐकू आलं तर शेवटी ई-आर लिहायचं, ई-झेड की रेघवाला ई? तिन्हींचा उच्चार एकच. मनात त्या जागी ‘विकणे’ ठेवून बघा. ‘वाँद्र’ बसलं तर ई-आर, ‘वाँदे’ बसलं तर ई-झेड, ‘वाँद्यू’ बसलं तर भूतकाळी रूप, म्हणून रेघवाला ई.

वापर कुठे करायचा

‘मी बोलते’ आणि ‘मी बोलतेय’ या दोन्हींना फ्रेंचमध्ये एकच ‘ज पार्ल’ पुरतं. ‘मी दहा वर्षांपासून पुण्यात राहते’ याला इंग्रजीत वेगळा काळ लागतो आणि तिथे आपण हमखास घसरतो. फ्रेंचमध्ये मराठीसारखाच साधा वर्तमानकाळ: ‘जाबित आ पुणे दप्वी दिझाँ’. इंग्रजीवरून भाषांतर करू नका, सरळ मराठीवरून उडी मारा.

एका ठिकाणी मात्र मराठीही सोडावी लागते. फ्रेंच घरात पानं घेतली की हाक येते, ‘आ ताब्ल!’ आपण आतल्या खोलीतून, जागचे न हलता ‘आलेच!’ म्हणतो, म्हणजे भूतकाळ. तिकडची मुलं, तितकीच जागची न हलता, आरिवेचा वर्तमानकाळ वापरतात: ‘जारीव!’