घरात बदल झाला? ऑस्ट्रेलियातली चाइल्ड केअर सबसिडी वेळेत कशी अपडेट करावी

ऑस्ट्रेलियात मूल चाइल्डकेअरला जायला लागलं की चाइल्ड केअर सबसिडीचा मोठा आधार होतो. ती एकदा मंजूर झाली की बहुतेक घरांत तो विषय मिटतो आणि पुढे त्रास होतो तो यामुळेच. ही सबसिडी तुम्ही दिलेल्या अंदाजांवर चालते. वर्षाचं उत्पन्न किती असेल, दोघांचे कामाचे तास किती, घरात कोण राहतं हे सगळं तुम्हीच सांगता आणि सरकार त्यावर विसंबून पैसे थेट सेंटरला देतं. वर्ष संपलं की खऱ्या आकड्यांशी मेळ घालतात आणि जास्त गेलेले पैसे तुमच्याकडून वसूल होतात. म्हणून बदल झाला की टॅक्स रिटर्नची वाट न बघता त्याच आठवड्यात कळवा, एवढंच मी ओळखीच्या प्रत्येक मराठी कुटुंबाला सांगते.

हा लेख पीआर (कायम रहिवासी) किंवा सिटिझन झालेल्या आणि सबसिडी सुरू असलेल्या कुटुंबांसाठी आहे. आकडे २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आहेत. उत्पन्नाची मर्यादा आणि तासाचे दर दर जुलैत बदलतात.

आधी सेंटरलिंककडे तुमच्याबद्दल काय नोंदलंय ते बघा

मायगव्ह या सरकारी ऑनलाइन खात्यात लॉगइन करून सेंटरलिंक, म्हणजे ही सबसिडी सांभाळणारी सरकारी यंत्रणा, उघडा किंवा फोनवर एक्सप्रेस प्लस सेंटरलिंक हे ॲप वापरा. चार गोष्टी तपासा: दोघांच्या उत्पन्नाचा अंदाज, दोघांचे पंधरवड्याचे तास, वैवाहिक स्थिती आणि मुलांची नावं व शाळेची नोंद. क्लेम, म्हणजे सबसिडीचा अर्ज, कोणाच्या नावावर आहे तेही याच वेळी पाहून ठेवा. त्याचं कारण पुढे येईल.

काही बदललंत की शेवटी पावती क्रमांक मिळतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे "तुम्ही कळवलंच नव्हतं" असं कोणी म्हटलं तर तोच तुमचा पुरावा.

उत्पन्न बदललं तर

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सेंटरलिंकला हवं असतं ते १ जुलै ते ३० जून या पूर्ण वर्षाचं दोघांचं मिळून उत्पन्न. जानेवारीत पगार ९० हजारांवरून १ लाख डॉलरवर गेला, तर वर्षाचा आकडा १ लाख होत नाही. सहा महिने जुना पगार आणि सहा महिने नवा, म्हणजे साधारण ९५ हजार होतो. नोकरी गेली तरी तसंच. तोवर मिळालेला पगार आणि सुट्ट्यांचे पैसे त्या वर्षात मोजले जातात, त्यामुळे थेट शून्य टाकू नका.

शिवाय हा आकडा पेस्लिपवरच्या पगाराएवढाच नसतो. सॅलरी सॅक्रिफाइस करून, म्हणजे टॅक्सआधीच्या पगारातून वळवून, सुपरमध्ये (निवृत्ती निधीत) टाकलेले पैसे आणि कंपनीकडून मिळणारे नोंदपात्र फ्रिंज बेनिफिट्स (पगाराव्यतिरिक्तचे लाभ) त्यात मिळवावे लागतात. भाड्याने दिलेल्या घरावर टॅक्समध्ये तोटा दाखवला असेल, तर तो तोटाही परत मिळवला जातो. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं आणि भारतातल्या एफडीचं व्याजही मोजलं जातं. ते तिकडचे पैसे आहेत, इथे कशाला सांगायचे, असं अनेकांना वाटतं. पण सांगावेच लागतात. दुसऱ्या नात्यातल्या मुलासाठी चाइल्ड सपोर्ट देत असाल, तर ती रक्कम मात्र वजा होते.

फरक किती पडतो ते एका घराच्या हिशेबात पाहू. यंदा ८५,२७९ डॉलरपर्यंतच्या उत्पन्नाला ९० टक्के सबसिडी आहे. पुढच्या प्रत्येक ५,००० डॉलरमागे एक टक्का कमी होत जातो आणि ५,३५,२७९ डॉलरला सबसिडी संपते. समजा, अंदाज दिला १,६०,००० आणि खरं उत्पन्न निघालं १,९०,०००. मग मिळायला हवे होते सुमारे ६९ टक्के आणि मिळाले ७५. सेंटर आहे दहा तासांच्या सेशनचं, म्हणजे दिवसाला दहा तासांची फी लावणारं. सेंटर-आधारित डे केअरमध्ये शाळेत न जाणाऱ्या मुलासाठी सरकार तासाला जास्तीत जास्त १४.६३ डॉलर धरतं, म्हणजे दिवसाला १४६.३०. त्याचे सहा टक्के म्हणजे रोज पावणेनऊ डॉलर जास्त गेले. आठवड्याला चार दिवस आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तर जवळपास १,६८५ डॉलर होतात.

अशा वेळी उपयोगी पडतात म्हणूनच सेंटरलिंक सबसिडीतले पाच टक्के आपल्याकडे रोखून ठेवतं. पण वरच्या उदाहरणात ते रोजचे साडेपाच डॉलरच होतात, म्हणजे उरलेले सहाशेच्या वर खिशातूनच जाणार. ओव्हरटाइम, बोनस, कॉन्ट्रॅक्ट किंवा स्वतःचा धंदा असेल तर ही रोखून ठेवण्याची टक्केवारी ऑनलाइन वाढवून घ्या. दर महिन्याला गॅप फी (सबसिडी वजा जाता तुम्ही भरता ती फी) थोडी जास्त जाईल, पण वर्षअखेरीस नोटीस येण्याची भीती उरणार नाही.

नवा अंदाज भरला की नवा टक्का पुढच्या काळाला लागतो. मागच्या महिन्यांचा हिशेब वर्षअखेरीलाच होतो. म्हणून उशिरा कळवण्यात फायदा कधीच नसतो.

कामाचे तास बदलले तर

५ जानेवारी २०२६ पासून नियम सोपा झाला. सबसिडीला पात्र असलेल्या प्रत्येक कुटुंबाला मुलामागे पंधरवड्याला किमान ७२ तासांच्या केअरवर सबसिडी मिळते, आईवडील काम करत असोत वा नसोत. १०० तास हवे असतील तर दोघांचेही पंधरवड्याचे कामाचे तास ४८ पेक्षा जास्त हवेत. दोघांपैकी ज्याचे कमी, त्याचे धरतात. एकल पालकाचे फक्त स्वतःचे. नोकरीबरोबर अभ्यासक्रम, स्वयंसेवा, स्वतःच्या धंद्याचं काम आणि बाळंतपणाची रजा, पगारी असो वा बिनपगारी, हेही मोजलं जातं.

तेव्हा एकाचे कामाचे तास ७६ आणि दुसऱ्याचे ४५ असतील, तर सबसिडीचे ७२ तासच मिळतात. दुसऱ्याने आठवड्याला एक शिफ्ट वाढवली आणि ती कळवलीच नाही, तर हक्काचे २८ तास वाया जातात. उलट, तास कमी झाले आणि गप्प बसलात, तर जास्त गेलेली सबसिडी पुढे कर्ज म्हणून उभी राहते.

तास मोजतात ते सेंटरच्या सेशनचे, मूल प्रत्यक्ष किती वेळ थांबलं याचे नाहीत. दहा तासांचं सेशन आठवड्याला चार दिवस म्हणजे पंधरवड्याला ८० तास. ७२ मंजूर असतील तर आठ तासांची पूर्ण फी तुमच्या माथी. अशा वेळी सेंटरला नऊ तासांचं सेशन आहे का ते विचारा, कारण चार दिवसांचे मग बरोबर ७२ होतात. फायदा होतो तो दिवसाची फी तासाच्या मर्यादेत बसत असेल तर. फी १३० डॉलर असेल, तर दहा तासांच्या सेशनवर पंधरवड्याच्या १,०४० डॉलरपैकी ९३६ वरच सबसिडी लागते, नऊ तासांच्या सेशनवर सगळ्यावर. फी आधीच १५० असेल, तर फरक पडत नाही.

नातं बदललं तर

यावर बोलायला आपल्याकडे लोक कचरतात, म्हणून स्पष्टच लिहिते. लग्न झालं, जोडीदार भारतातून आला, लग्नाविना एकत्र राहू लागलात किंवा वेगळे झालात, तर कळवावं लागतं. जोडीदाराचं उत्पन्न आणि तास तो नात्यात असेपर्यंतच्या काळासाठी धरले जातात, त्यामुळे वेगळं झाल्याची तारीख नीट लिहा.

घरभाडं परवडत नाही किंवा मुलं लहान आहेत म्हणून वेगळे होऊनही बरेच जण एकाच छताखाली राहतात. ते चालतं, पण पुरावा द्यावा लागतो. खर्च कोण उचलतं, स्वयंपाक आणि खोल्या वेगळ्या आहेत का, नातेवाईक आणि मित्रांना माहीत आहे का हे फॉर्मवर विचारतात. दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांपासून लपवलं असेल, तर अडचण होते. निदान एका विश्वासू माणसाला सांगून ठेवा.

आता क्लेम कोणाच्या नावावर आहे त्याची गोष्ट. क्लेम नवऱ्याच्या नावावर असेल आणि मुलाची फी आता आई भरणार असेल, तर तिला स्वतःचा नवा क्लेम करावा लागतो. तो फार तर २८ दिवस मागे नेता येतो. वकील, घर, सामान या गडबडीत ही मुदत निघून जाते, म्हणून क्लेम त्या पहिल्या आठवड्यातच करा. मूल दोघांकडे आलटूनपालटून राहणार असेल, तर दोघांनी आपापला क्लेम करायचा.

घरात मारहाण किंवा धाक असेल, तर सेंटरलिंकच्या फोनवर सोशल वर्करशी बोलायचं आहे म्हणून सांगा. १८०० ७३७ ७३२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दिवसरात्र फोन करता येतो. नोकरी अचानक जाणं, जोडीदाराचा मृत्यू अशा संकटात १३ आठवड्यांपर्यंत जादा सबसिडीही मागता येते.

बाळ आलं, मूल सहा वर्षांचं झालं, शाळा सुरू झाली

नवं बाळ आलं की नोंद करा, लसीकरणासकट. भारतात दिलेल्या लसी ऑस्ट्रेलियन इम्युनायझेशन रजिस्टर या इथल्या लसीकरण नोंदवहीवर आपोआप चढत नाहीत. जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) लसींचं कार्ड घेऊन जाऊन त्या चढवून घ्या, नाहीतर सबसिडी अडते.

पाच वर्षांपर्यंतची दोन मुलं केअरमध्ये असतील, तर धाकट्याला ३० टक्के जास्त मिळतात, कमाल ९५ टक्क्यांपर्यंत. थोरलं सहा वर्षांचं झालं की धाकटंच पहिलं ठरतं आणि हा फायदा जातो. ७५ टक्क्यांच्या घरात धाकट्यामागे दिवसाला सुमारे २९ डॉलरचा भार एकदम वाढतो. हे वाढदिवसावरून आपोआप होतं, कळवावं लागत नाही, पण बजेट आधी करून ठेवा. मूल शाळेत जाऊ लागलं हे मात्र कळवावं लागतं.

भारतात मोठ्या सुट्टीला जाताना

दर वर्षी प्रत्येक मुलामागे ४२ गैरहजर दिवस कारण न सांगता चालतात. सेंटरच्या नेहमीच्या दिवशी आलेली सार्वजनिक सुट्टीही त्यातच मोजली जाते. बाहेर असताना सबसिडी सहा आठवड्यांपर्यंतच चालते, त्याहून लांब मुक्काम असेल तर आधी बोलून घ्या.

आणखी एक खबरदारी. सेंटर कायमचं सोडून भारतात जात असाल, तर मूल शेवटचं ज्या दिवशी प्रत्यक्ष गेलं, त्यानंतरच्या नोटीस पिरियडला साधारणपणे सबसिडी लागत नाही, पूर्ण फी पडते. म्हणून नोटीस अशी द्या की मूल शेवटच्या दिवसापर्यंत जाईल. आजी-आजोबा व्हिजिटर व्हिसावर येऊन नातवंडं सांभाळणार असतील, तर त्यांच्या सांभाळण्यावर सबसिडी मिळत नाही.

कागद मागितले तर

सेंटरलिंक पडताळणीसाठी पत्र पाठवू शकतं, म्हणून एक फोल्डर करून ठेवा: अलीकडच्या पेस्लिप, रोस्टर, नोकरीचं पत्र, कोर्सच्या प्रवेशाचा कागद, स्वतःचा धंदा असेल तर बीएएस (धंद्याच्या टॅक्सचं विवरणपत्र). कागदाचा चारही कोपऱ्यांसकट फोटो काढून ॲपमधूनच अपलोड करता येतो. पत्रातली मुदत पाळता येणार नसेल, तर ती संपायच्या आत फोन करून वाढवून मागा.

लग्नाचा किंवा जन्माचा दाखला मराठीत असेल, तर तुमच्या क्लेमसाठी लागणारं भाषांतर सेंटरलिंकच मोफत करून देतं. त्यांचा कुटुंबांसाठीचा फोन क्रमांक १३६ १५०. इंग्रजीत बोलणं अवघड वाटत असेल, तर १३१ २०२ वर फोन करून मराठी दुभाषी मागा, त्याचेही पैसे लागत नाहीत. नात्याविषयीचे प्रश्न तर आपल्या भाषेतच समजून घेतलेले बरे.

३० जूननंतर

दोघांनीही टॅक्स रिटर्न भरल्यावरच मेळ लागतो. एकानेच भरला तर रोखलेले पाच टक्के अडकून राहतात. रिटर्न भरायची गरज नसेल, तर तसं सेंटरलिंकला वेगळं सांगावं लागतं. यासाठी वर्ष संपल्यापासून बारा महिने मिळतात. २०२५-२६ साठी ३० जून २०२७ पर्यंत. ते चुकलं तर सबसिडी बंद होऊ शकते आणि मिळालेले पैसे परत मागितले जातात.

कर्जाची नोटीस आली तर आधी त्यातला आकडा कोणत्या तारखांचा आहे तो पाहा आणि आपल्या पावत्यांशी जुळवा. चूक वाटली तर लेखी फेरतपासणी मागा. बरोबर असेल पण एकरकमी झेपत नसेल, तर मुदत उलटायच्या आत हप्ते ठरवून घ्या. हप्ते ऑनलाइनही ठरवता येतात.