बिडाचा मॅनिफोल्ड वेल्ड करताय? या चुका टाळा

मुंबईहून नाशिकला परतणारी जुनी अँबॅसेडर कसारा घाट चढते, तेव्हा तिच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डची, म्हणजे इंजिनातला जळका धूर गोळा करून बाहेर नेणाऱ्या भागाची, खरी परीक्षा असते. खाली लालभडक तापलेलं बीड (कास्ट आयर्न), वर इगतपुरीचा पाऊस आणि रस्त्यावरचं उडणारं पाणी. १४८९ सीसी पेट्रोल इंजिनवर हा छळ वर्षानुवर्षं होत राहतो आणि एक दिवस फ्लँजच्या (इंजिनाला बोल्टने बसणाऱ्या सपाट कडेच्या) कोपऱ्यात तडा दिसतो. ही गाडी २०१४ साली बंद झाली, त्यामुळे चांगला मॅनिफोल्ड मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. घरी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन असलेला माणूस मग स्वतःच वेल्डिंगला बसतो. बसावं जरूर, पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवून: बिडाचं काम आर्क (वेल्डिंगची विजेची ज्योत) चालू असताना फारसं बिघडत नाही, ते बिघडतं थंड होताना.

बिडात कार्बन साधारण २ ते ४ टक्के असतो, माइल्ड स्टीलमध्ये पाव टक्क्याच्या आसपास. बिडातला बराचसा कार्बन ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो, म्हणून बीड दाब झकास सोसतं, ओढ मात्र सोसत नाही. वेल्डचा टाका थंड होताना आकसतो आणि शेजारच्या धातूला खेचतो. स्टील थोडं ताणून घेतं, बीड सरळ तडकतं. खालच्या बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे.

धातू न ओळखता रॉड लावणं

एका कोपऱ्यावर कानस मारा. बिडाचा काळा भुगा पडतो आणि बोटाला शिसपेन्सिलीसारखा लागतो. ड्रिल मारलं तर स्टीलची गुंडाळी निघते, बिडाचा चुरा. ग्राइंडरला लावल्यावर बिडाच्या ठिणग्या आखूड आणि मंद लालसर असतात, स्टीलच्या लांब आणि पिवळ्या-पांढऱ्या.

आणि दाराची हँडलं, बॉनेटवरची चिन्हं, असे क्रोम चढवलेले नक्षीदार भाग आर्कखाली धरूच नका. त्यातले बरेच जस्ताच्या मिश्रधातूचे असतात, ३८० ते ३९० अंशांनाच वितळतात. डोळ्यांदेखत गोळा होऊन जातो.

घरात आहे तोच रॉड वापरणं

६०१३ चा रॉड (माइल्ड स्टीलचा नेहमीचा वेल्डिंग रॉड) प्रत्येकाच्या डब्यात असतो आणि तो बिडाला चिकटतोही. म्हणूनच फसगत होते. स्टीलचा टाका बिडातला कार्बन ओढून घेतो, कडक होतो आणि कडेने सुटतो. बिडाला निकेलचा रॉड लागतो: निकेल ९९ किंवा निकेल ५५ (आकडा निकेलच्या टक्क्यांचा). मऊ टाका आणि नंतर मशिनिंग हवं असेल तर ९९. जाड भागाला, किंवा बीड-स्टीलच्या जोडाला ५५. महाग असतात, पण एका मॅनिफोल्डला मोजकेच लागतात, तेव्हा सुटे मिळाले तर सुटे घ्या. पावसाळ्यात उघडं पडलेलं पाकीट मात्र तसंच वापरू नका. दमट रॉडने टाक्यात भोकं पडतात.

जुने कारागीर गॅसवर पितळ लावतात. वॉटर जॅकेटला (इंजिनातल्या पाण्याच्या कप्प्याला), गिअरबॉक्सच्या केसिंगला ते उत्तम. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला नको, कारण लाल तापलेल्या बिडावर पितळेत जोर राहत नाही.

वरवर साफ करणं

मॅनिफोल्ड पेट्रोलने पुसून वायर ब्रश मारला की तो स्वच्छ दिसतो. मग गॅसच्या ज्योतीने हळूहळू शेकून बघा: तड्यातून काळपट ओल वर येते, धूर निघतो. ते बिडात मुरलेलं तेल. पुसा, पुन्हा शेका, धूर थांबेपर्यंत. (ज्योत पेटवण्याआधी पेट्रोलचा डबा आणि चिंध्या लांब ठेवा.) क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर या कामाला कधीही नाही. त्याच्या वाफांवर आर्कचा प्रकाश पडला की फॉसजीन हा विषारी वायू तयार होतो.

तडा व्ही आकारात उघडताना शेवटचा हात कानशीचा किंवा कार्बाइड बरचा (फिरणाऱ्या कठीण दातेरी टोकाचा) असावा. ग्राइंडरची डिस्क ग्रॅफाइट कडांवर सारवते आणि टाका नीट धरत नाही.

खोल चूक इथली वेगळीच आहे. डोळ्यांना दिसतो तिथे तडा संपत नाही. त्यावर डिझेल लावा, पुसून कोरडं करा आणि खडूची भुकटी भुरभुरा. दोन-चार मिनिटांत ओली रेघ उमटते, बहुतेकदा वाटलं होतं त्यापेक्षा लांब. त्या रेघेच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचं भोक पाडा. हे टाळलं तर वेल्डिंगच्या उष्णतेनेच तडा पुढे सरकतो. वेल्डिंगआधी डिझेल आणि खडू पूर्ण जाळून साफ करा.

अर्धवट गरम करणं

मार्ग दोनच. एक, पूर्ण भाग एकसारखा किमान २५०-३०० अंशांपर्यंत तापवायचा आणि काम संपेपर्यंत तसाच ठेवायचा. दोन, भाग थंडच ठेवायचा: २० ते २५ मिलिमीटरचा टाका घालायचा, थांबायचं, जवळ उघडा हात ठेवता येईल इतकं निवल्यावरच पुढचा, तोही दुसऱ्या टोकाला. घरच्या माणसाला हा दुसरा मार्ग सोपा. फक्त तड्याजवळ टॉर्च फिरवून बाकीचा भाग गार ठेवणं ही सर्वांत वाईट पद्धत, कारण त्याने नवीन ताण तयार होतो.

२.५ मिलिमीटरच्या रॉडला ६० ते ८० अँपिअर, पाकिटावर दिलेल्या आकड्याच्या खालच्या टोकाला. टाका घातला की तो तापलेला असतानाच गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या. ठोक्यांनी टाका पसरतो आणि आकसण्याची ओढ कमी होते. लोक नेमकं हेच गाळतात, स्लॅग (टाक्यावरची कवची) काढण्याच्या घाईत.

थंड व्हायला सोडून देणं

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरतो हे आपल्याला ठाऊक आहे. त्या हवेत गच्चीवर गरम मॅनिफोल्ड उघडा ठेवला की थोड्या वेळाने ‘टिंग’ आवाज येतो, आणि मग टाक्याच्या कडेने नवी रेघ. गरम पद्धतीने केलेला भाग लगेच कोरड्या चुन्यात, राखेत किंवा वाळूत पुरा, रात्रभर हलवू नका. थंड पद्धतीतही वारा लागू देऊ नका. पाणी मारून गार करण्याबद्दल काही बोलायलाच नको.

तरीही बिघडलं तर

टाक्याला लागून तडा आला तर उष्णता जास्त झाली किंवा रॉड चुकला. टाक्यात भोकं दिसली तर तेल राहिलं किंवा रॉड दमट होता. दोन्हींत जुना टाका पूर्ण काढा, त्यावर थर चढवू नका. ड्रिल घसरत असेल तर लगतचा पट्टा झटपट थंड होऊन कडक झालाय, कार्बाइडचं ड्रिल वापरा.

आणि निकेलचा रॉड लावूनही धातू थेंबासारखा गोळा होऊन राहत असेल, पसरतच नसेल, तर ते बीड जळलेलं आहे. वर्षानुवर्षं लाल होऊन आतपर्यंत ऑक्सिडेशन झालेलं. अजून रॉड जाळण्यात अर्थ नाही. खोल खणून चकचकीत धातू लागला तर ठीक, नाहीतर भंगारवाल्यांकडे दुसरा मॅनिफोल्ड शोधा.

स्टीअरिंगचे आर्म, स्टब अॅक्सल (पुढचं चाक ज्यावर फिरतं तो दांडा), ब्रेकचे भाग हौशी वेल्डरने करायचेच नाहीत. तिथे टाका सुटला तर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुणाचा तरी जीव जातो.

फ्लँज न तपासता बसवणं

वेल्डिंगने फ्लँज वाकते. काम करताना मॅनिफोल्ड जाड प्लेटला हलक्या हाताने बोल्ट करून ठेवा, आणि नंतर सरळ पट्टी लावून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घाला. ०.२ मिलिमीटरची पट्टी सहज शिरत असेल तर नाशिकच्या सातपूर किंवा अंबडच्या मशीन शॉपमधून सरफेस ग्राइंडिंग करून घ्या. नवीन गॅस्केट वापरा, नट मधून बाहेरच्या बाजूला थोडे थोडे आवळा, आणि इंजिन एकदा पूर्ण तापून थंड झालं की सगळे नट पुन्हा पान्याने तपासा.