‘स्वभाव’ या रकान्यात काय लिहायचं?

पंधरा जून उजाडला की आमच्या शाळेच्या ओट्यावर छत्र्या निथळत असतात आणि कुणीतरी आई नाहीतर बापूस हातात फॉर्म घेऊन उभा असतो. कुणाला मूल वसतिगृहात पाठवायचंय, कुणाला गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेत. नाव, जन्मतारीख, आधार क्रमांक सगळं भरलेलं. फक्त ‘पाल्याच्या स्वभावाची वैशिष्ट्ये’ या दोन ओळी कोऱ्या.

“बाईनू, हयसर काय लिवायचा?”

मी उलट विचारते, कसा आहे तुमचा मुलगा? उत्तर ठरलेलं. “तसो हुशार आसा, पण मस्तीखोर.” वेंगुर्ले तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या शाळांत वीस वर्षं काढली मी. हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की सगळा वर्ग एकाच आईच्या पोटचा वाटावा.

पण हसायचा हक्क मला नाही. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायचं काम आमच्याकडे आलं. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक. थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या याद्या शिक्षकांत हातोहात फिरायला लागल्या. ‘नियमित शाळेत येतो. गटकार्यात आनंदाने सहभागी होतो. वर्गात लक्ष देतो.’ मीही त्यातून उतरवत होते. एका वर्षी जुळ्या भावांच्या प्रगतिपुस्तकांत शब्दाला शब्द तेच उतरलं. त्यांच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण तिने दोघांकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आली.

“बाईनू, दोघांचा एकच कसा लिवल्यात? पायांच्या आवाजावरसून काळोखातसुद्धा सांगतंय मी, खयचो इलो तां.”

मी ओशाळून विचारलं, कसं काय ओळखता? ती म्हणाली, “थोरलो फाटकातसूनच हाक मारता, दप्तर टाकता आणि जेवण मागता. धाकटो आधी गोठ्यात. वासरू बघता, मगे पाय धुता, मगे घरात.”

आजीने एकही विशेषण वापरलं नव्हतं, तरी दोन्ही पोरं माझ्यासमोर उभी राहिली. तेव्हापासून मी पालकांना जे सांगते ते एवढंच, की आधी क्रियापद, विशेषण मागाहून.

म्हणजे करायचं काय? एक जुनी वही घ्या. आठ दिवस रोज रात्री मुलाने केलेली एक गोष्ट तीत लिहा. ‘आज खूप हट्ट केला’ असं नको, तो निकाल झाला. ‘भाकरी मोडलेली वाढली म्हणून जेवला नाही, अख्खी दिल्यावर जेवला’ असं लिहा. कोण होतं, कुठे, आधी काय झालं होतं, तेही लिहा. सगळा दिवस टिपायच्या भानगडीत पडू नका, तिसऱ्या दिवशी वही माळ्यावर जाईल. चार वेळा मात्र हमखास बघण्यासारख्या असतात. झोपेतून उठताना, खेळात हरल्यावर, घरात परकं माणूस आल्यावर, आणि आपल्या हातून काही फुटल्यावर.

चतुर्थीत तर या चारही वेळा एकाच दिवसात सापडतात. घरात मुंबईहून आलेली वीस माणसं, पडवीत झोपायला जागा नाही, आरतीला कोण घंटा वाजवणार यावरून मारामारी. कोण चुलतभावाला झांज देऊन टाकतो, कोण मोदक मोजून ठेवतो, कोण माळ्यावर जाऊन बसतो. गंमत म्हणजे मुलांना नको ते शिक्केही याच दिवसांत बसतात. “काय रे, बोलत नाहीस? लाजाळूचं झाड आहे अगदी!” काका दहा दिवसांनी बोरिवलीला परत जातात, शिक्का मात्र इथेच राहतो.

या ‘लाजाळू’पाशी मला जरा थांबायचंय. न बोलणाऱ्या मुलासाठी मराठीत इतके शब्द आहेत, आणि आपण सगळ्यांना एकाच दावणीला बांधतो. लाजाळू म्हणजे जो लोकांची नजर आपल्यावर वळली की आक्रसतो. नजर हटली की पुन्हा उमलतो, परड्यातल्या त्या झाडासारखाच. बुजरा वेगळा. गुरं बुजतात ना नव्या माणसाला, तसं. नवी जागा, नवं माणूस दिसलं की मागे सरतो, पण चार दिवस गेले की तोच तुमच्या मांडीवर. भिडस्त मुलाला बोलता येतं, त्याला ‘नको’ म्हणता येत नाही आणि ‘मला पण’ म्हणता येत नाही. दुसरी पोळी मागायची राहून जाते. मुखदुर्बळ मुलाच्या पोटात सगळं असतं, ओठावर येत नाही. मितभाषी मूल मुळातच कमी बोलतं आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. घुमा हा रुसवा गिळून बसलेला असतो. एकलकोंड्याला माणसं नकोत असं नाही, त्याला एकट्याने खेळायला आवडतं इतकंच. ‘आतल्या गाठीचा’ हा शब्द मात्र मुलांसाठी वापरूच नका. त्यात कावा आहे, आणि सात वर्षांच्या पोराकडे कावा कुठला!

तुमचं मूल यातलं कोणतं, हे वही सांगेल. बुजऱ्या मुलाला वेळ हवा, भिडस्ताला कुणीतरी आपणहून विचारायला हवं, मितभाषीला काहीच नको. शब्द चुकला की उपायही चुकतो.

बुजऱ्या मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर जोडप्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली मुलं तान्हेपणापासून पुढे अनेक वर्षं पाहिली. त्यांनी स्वभाव मोजायला नऊ गोष्टी धरल्या. मूल किती हालचाल करतं, त्याची भूक-झोप घड्याळासारखी आहे का, नव्या गोष्टीकडे जातं की मागे सरतं, बदल किती पटकन पचवतं, आवाज-उजेड-कापड यांचा त्रास किती होतो, हसू-रडू किती जोराचं, एकूण कल हसरा की किरकिरा, लक्ष किती लवकर उडतं, आणि हातातलं काम किती वेळ धरून ठेवतं. यावरून त्यांना साधारण ४० टक्के मुलं सोपी, १० टक्के अवघड आणि १५ टक्के हळूहळू मोकळी होणारी आढळली. ही शेवटची म्हणजे आपली बुजरी. उरलेली ३५ टक्के कुठल्याच खणात बसली नाहीत. शब्द सुचत नसेल तेव्हा या नऊ गोष्टी एकेक करून स्वतःला विचारा. ‘मस्तीखोर’ म्हणून आणलेलं मूल पुष्कळदा पहिल्या प्रश्नातच उलगडतं. त्याला मस्ती करायची नसते, बसवत नसतं.

हट्टाचंही तसंच. वस्तूसाठी अडून बसतो तो हट्टी. माझंच खरं म्हणतो तो हेकट. अपमान झाला म्हणून पाय रोवतो तो मानी. आणि सायकलवरून आठदा पडून नवव्यांदा बसतो तो चिवट. मोडक्या भाकरीवरून उठलेला मुलगा? मला विचाराल तर यातला कुठलाच नाही. त्याला गोष्टी अख्ख्या आणि जागच्या जागी लागतात. त्याच्या चपला बघा, सरळ रेषेत असतील.

इथे एक खोड मोडायला हवी. हल्ली ‘नकारात्मक शब्द वापरू नका’ म्हणून हट्टीला ‘दृढनिश्चयी’ आणि भांडखोराला ‘नेतृत्वगुण असलेला’ लिहितात. अहो, वाचणारी बाई खुळी नसते. मूल चावत असेल तर चावतं म्हणून सांगा. फक्त केव्हा चावतं तेही सांगा.

आणि ‘हुशार’. या शब्दाइतका रिकामा शब्द दुसरा नाही. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरल ड्वेक या अमेरिकेतल्या संशोधक बायांनी १९९८ मध्ये पाचवीच्या मुलांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ‘तू हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कामं निवडत होती. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कामाला भिडत होती. माझं म्हणणं तर साधं आहे. हुशार कशात? पाढ्यांत, चित्रात, की नांगी लागू न देता खेकडा धरण्यात?

मुलगा-मुलगी हाही घोळ असतोच. पाहुण्यांना उलट उत्तर दिलं तर मुलगा धीट आणि मुलगी आगाऊ. रडलं तर मुलगी हळवी आणि मुलगा रडका. शब्द लिहून झाला की मनात बहिणीच्या जागी भाऊ ठेवून बघा. शब्द बदलावासा वाटला तर तो शब्द मुलाबद्दल नव्हताच, आपल्याबद्दल होता.

घरच्या बोलीतला शब्द सुचला तर टाकू नका. एका आईने मला सांगितलं, “माझो झील कळवळ्याचो आसा.” मी शुद्ध करून ‘संवेदनशील’ लिहिलं आणि त्यातला जीवच गेला. भिजलेल्या कुत्र्याच्या पिल्लाला स्वतःचा टॉवेल गुंडाळून आणणारा मुलगा कळवळ्याचाच. ‘संवेदनशील’ तर मतदान केंद्रं असतात.

आता शब्द कुठे कमी पडतो ते सांगते. तिसरीत माझ्याकडे एक मुलगा होता. उभं केलं की खाली मान. आधीच्या नोंदी म्हणत होत्या, ‘वर्गात बोलत नाही, सहभाग वाढवावा.’ एका रविवारी सकाळी मी किनाऱ्यावर गेले तर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणं चाललेलं. दोन्ही बाजूंना माणसांच्या रांगा, दोर खांद्यावर. हा पाण्याच्या कडेला उभा. एकदाच म्हणाला, “ह्या बाजून सैल पडलो दोर.” आणि त्याच्या आज्याच्या वयाच्या माणसांनी मुकाट्याने ओढ वाढवली. जाळं काठाला लागलं तेव्हा सगळा गलका. हा टोपलीपाशी उकिडवा बसून ओठ हलवत मोजत होता. मधे येणारे बारके खेकडे हलकेच उचलून पाण्याकडे भिरकावत होता. मी समोर उभी आहे हे त्याला बराच वेळ कळलंही नाही.

मूल एका जागी एक आणि दुसऱ्या जागी दुसरं असतं. म्हणून नुसता शब्द न लिहिता ‘जेव्हा… तेव्हा…’ असं वाक्य बांधा. ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे दोन शब्द खोडा. घरात, शाळेत आणि मुलांच्या घोळक्यात कसा असतो ते तीन वेगळ्या माणसांना विचारा. त्यांतली एक आजी असावी.

एक सावधगिरी. सगळंच स्वभावावर ढकलू नका. हाक मारली तरी वळत नाही म्हणून एका मुलीला आम्ही सगळे ‘मग्रूर’ म्हणत होतो, मी सुद्धा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं (अंगणवाडीत दोनदा). त्यांनी तपासलं तर दोन्ही कान वाहत होते. पोरीला ऐकूच येत नव्हतं. तसंच, घरी भरभरून बोलणारं मूल शाळेत अजिबात तोंड उघडत नसेल, आणि शाळेचा पहिला महिना सोडून पुढे महिनाभर तसंच चाललं, तर ‘लाजाळू आहे, होईल बरा’ म्हणून बसू नका. याला सिलेक्टिव्ह म्यूटिझम म्हणतात आणि त्यावर उपचार असतात. हसतं मूल अचानक घुमं झालं, तर तो स्वभाव नव्हे. काहीतरी घडलेलं असतं.

रकाना दोनच ओळींचा असतो, म्हणून वहीतलं सगळं त्यात कोंबू नका. एक शब्द, एक प्रसंग, आणि समोरच्याला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. जुळ्यांतल्या धाकट्याचं मी पुढच्या सत्रात लिहिलं, ‘सावकाश आणि मायाळू. आल्या आल्या काम सांगू नये. आधी भोवतालचं पाहून घेतो, मग स्वतःहून कामाला लागतो.’ आजीने पुन्हा वाचून घेतलं. या वेळी ती शाळेत आली नाही, चार शहाळी तेवढी आली.

लिहून झालं की देण्याआधी मुलाला वाचून दाखवा. त्याच्यासमोर वाचवत नसेल तर तो शब्द बदला. रापणीतल्या मुलाचं मी असं लिहिलं होतं: ‘मितभाषी. बघितल्याशिवाय बोलत नाही, बोलतो ते मोजकं आणि नेमकं. चार जणांच्या गटात मोकळा होतो, पूर्ण वर्गासमोर उभं करू नये. किनाऱ्यावर जाळ्यातले मासे मोजतो.’

त्याने खाली मान घालून सगळं ऐकलं. मग बराच वेळ गेला.

“बाईनू, सगळे नाय. फक्त बांगडे मोजतंय.”

मी ‘मासे’ खोडून ‘बांगडे’ केलं.