आयसीडी बसवलेल्या पेशंटला फोन करताना

आयसीडी म्हणजे छातीत बसवलेलं छोटं मशीन; हृदयाचे ठोके धोकादायक बिघडले की ते शॉक देऊन ताळ्यावर आणतं. अशा पेशंटला ‘बरं आहे ना?’ असं विचारूच नका, उत्तर ‘हो’ येतं. मी विचारते, ‘आज शर्ट घालताना हात कुठपर्यंत गेला?’ मशीनची हृदयात सोडलेली वायर पक्की बसेपर्यंत, साधारण ४ ते ६ आठवडे, मशीनच्या बाजूचं कोपर खांद्याच्या वर नको. पण भीतीनं हात छातीशी धरून बसणारेही भेटतात, त्यांचा खांदा आखडतो. त्यांना खांद्याखाली हात हलवत राहायला सांगा.

जखम लाल, सुजलेली, पाणी येतंय, ताप आहे? त्याच दिवशी बोलवा. मोबाइल मशीनपासून १५ सेंटीमीटर लांब, वरच्या खिशात नको.

शॉकबद्दल मात्र निवांत बोला. एकच बसला आणि नंतर बरं वाटतंय, तर त्याच दिवशी आपल्याला फोन. २४ तासांत दोन बसले, किंवा एकानंतरही चक्कर, धाप, छातीत दुखणं राहिलं, तर थेट अ‍ॅम्ब्युलन्स. हे त्यांच्याच तोंडून परत वदवून घ्या.

मग फोन नवऱ्याकडे किंवा बायकोकडे द्यायला सांगा. ‘शॉकच्या वेळी माझा हात लागला तर?’ ही धास्ती त्यांनाच जास्त. फार तर झिणझिण्या येतात, इजा होत नाही.

झोपेचंही विचाराच. रात्र जागून काढणारे आपणहून सांगत नाहीत. तसं वाटलं तर पुढचा फोन लवकरचा ठरवा आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.