तक्रार देण्याआधीची तयारी (आणि पोच!)

कामावर काहीतरी धोकादायक चाललंय आणि ते वर कळवायचं तुम्ही ठरवलंय. आधी जीव. हात मशीनमध्ये जाईल, टाकीत उतरलेला माणूस बाहेर येणार नाही असं समोर दिसत असेल तर काम थांबवा, शेजारच्याला हाक मारा, कागद नंतर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९८१ सालचा १५५ क्रमांकाचा करार हेच सांगतो: जीवाला तात्काळ आणि गंभीर धोका आहे असं मानायला रास्त कारण असताना जो कामगार बाजूला झाला, त्याला त्याची शिक्षा होऊ नये. आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो ते मात्र आधी बघून ठेवा. आणि थांबलात की तिथल्या तिथे वरच्याला सांगा. मुकाट्याने घरी गेलात तर हजेरीवर ‘न सांगता गैरहजर’ पडेल आणि भांडण भलत्याच विषयावर सुरू होईल.

मग लिहायला बसा. ‘इथे सुरक्षितता नाही’ या वाक्याचा काही उपयोग नाही, ते कुणालाही कुठेही लिहिता येतं. कोणतं मशीन, कोणती पाळी, किती वाजता, काय काढून टाकलंय, कुणाच्या सांगण्यावरून, एवढंच लिहा. आमच्याकडे हात आत आला की प्रेस थांबवणारा सेन्सर जंपर मारून, म्हणजे वायर परस्पर जोडून, बंद केला होता, का तर नग वाढावेत. म्हणजे हात आत असला तरी प्रेस खाली येणार. हे दोन ओळींत मावतं. मी दोन पानं लिहिली होती, त्यातलं दीड पान संताप.

आता पोच. पोच घ्या. मी घेतली नव्हती. पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं, ते म्हणाले ‘बघतो’, मी खूश होऊन परत आलो. अकराव्या दिवशी कायमची रात्रपाळी. तक्रार केली म्हणूनच हे झालं, असं मी म्हटलं, तर समोरून शांतपणे प्रश्न आला, ‘कसली तक्रार?’ पत्र खरं, जंपरचा फोटो खरा, पण त्यांना ते कधी कळलं हे दाखवायला माझ्याकडे चिटोराही नव्हता. सूडाची केस साधारण तीन गोष्टींवर उभी राहते: तुम्ही बोललात, त्यांना ते माहीत होतं, आणि त्यानंतर तुमचं नुकसान झालं. मधली गोष्ट म्हणजे पोच. युरोपियन युनियनच्या २०१९ च्या निर्देशात तक्रार मिळाल्याची पोच ७ दिवसांत द्यायची आहे, आणि ‘दुसऱ्याच कारणाने काढलं’ हे मालकाने सिद्ध करायचं आहे. पण तिथेसुद्धा तक्रार केली होती आणि नुकसान झालं, हे आधी तुम्हीच दाखवायचं.

दोन प्रती काढा. दुसरीवर ‘मिळाली’, नाव, सही, तारीख. शिक्का असेल तर शिक्का. सही द्यायला कां-कू केली तर वाद घालू नका, तिथूनच ईमेल करा: ‘आत्ता दिलेल्या पत्राची प्रत सोबत जोडली आहे.’ नाहीतर पोस्टाने, पोचपावतीसह. तोंडी ‘हो हो’ म्हणजे पोच नाही. व्हॉट्सॲपच्या निळ्या टिकाही माझ्या मते पोच नाहीत. रॉजर बॉइजोली या इंजिनिअरने रॉकेटच्या ओ-रिंगबद्दल (सांधे बंद ठेवणारी रबरी कडी) आपल्या कंपनीच्या उपाध्यक्षांना दिलेला इशारा लेखी होता, त्यावर तारीख होती ३१ जुलै १९८५. त्याच रॉकेटवर उडालेलं चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ ला फुटलं, सात माणसं गेली. इशारा कुणी मानला नाही, पण तो दिलाच नव्हता असं कुणाला म्हणता आलं नाही.

पोच घरी ठेवा. लॉकरमध्ये नको, कंपनीच्या ईमेलवर तर नकोच, तुम्हाला कामावरून काढतात त्या दिवशी दुपारीच ते खातं बंद होतं. जुन्या हजेरीच्या, पगाराच्या, कौतुकाच्या नोंदीही तक्रारीआधीच जमवा, कारण तक्रारीनंतर तुमचं काम अचानक वाईट व्हायला लागतं. मात्र ड्रॉइंग, ग्राहकांच्या याद्या यांना हात लावू नका. चोरीचा आळ आयताच मिळतो त्यांना.

साक्षीदाराचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालू नका. त्यालाही घर आहे. निनावी पत्राचा मोह होतो, पण कुणी लिहिलं हे सगळ्यांना कळतंच, आणि हातात पोच नसते. त्यापेक्षा सरकारी निरीक्षकाकडे नाव देऊन ते गुप्त ठेवायला सांगता येतं का ते विचारा. तक्रार क्रमांक मागा. तीच पोच.

मुदती. सूडाविरुद्धची तक्रार वेगळी असते, तिचं घड्याळही वेगळं. अमेरिकेत ओशाच्या (कामाच्या जागची सुरक्षितता बघणारं सरकारी खातं) कायद्याखाली शिक्षा झाल्यापासून ३० दिवस. ब्रिटनमध्ये धोका उघड केला म्हणून काढलं आणि अंतरिम दिलासा, म्हणजे निकालापर्यंतचं तात्पुरतं संरक्षण, हवा असेल, तर काढल्यापासून फक्त ७ दिवस. आपल्याकडे किती ते आजच बघा, काढल्यावर नको.

युनियन असेल तर आधी तिथे. वकील परवडत असेल तर बघा. त्यानंतर रोज एक ओळ वहीत: कोण काय बोललं, किती वाजता. राजीनाम्यावर रागात सही करू नका. ओळखपत्र, चावी परत मागितली तर द्या, आणि त्याचीही पोच घ्या.